वासोटा आणि कोयनेचं जंगल एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोजागिरी उलटली की वासोट्याची विचारणा सुरू होते. तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. एखाद्या उत्तरातली गोष्ट दुसरीकडे सविस्तर असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दर मात्र लिहिलेले नाहीत. ते बदलतात, त्यामुळे निघायच्या आधी बामणोलीत फोन करून विचारावेत.

१. वासोटा नक्की कुठे आहे? एका दिवसात होतो का?

सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कोयना धरणाच्या पाण्यापलीकडे. गडाच्या पश्चिमेला सह्याद्री तुटून थेट कोकणात उतरतो. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली सुमारे ३५ ते ४० किलोमीटर आहे. तिथून बोटीने शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, ओलांडून पायथ्याची मेट इंदवली गाठायची आणि मग जंगलातून गड चढायचा. एका दिवसात होतो. खरं तर एकाच दिवसात करावा लागतो, कारण आत मुक्कामाला परवानगी नाही (प्रश्न १६).

२. हे राष्ट्रीय उद्यान आहे की अभयारण्य? सगळीकडे वेगवेगळं लिहिलेलं असतं.

वासोटा कोयना वन्यजीव अभयारण्यात आहे. हे अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं. त्याच्या दक्षिणेला चांदोली आहे, आणि ते २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. २०१० मध्ये हे दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. शिवाय २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यांपैकी महाराष्ट्रातली चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की तुम्ही व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पाऊल टाकताय. राजगड-तोरण्याला जसं मनात आलं की निघता येतं, तसं इथे चालत नाही. इथे आधी जंगल आणि मग गड, हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचे निम्मे नियम विचारावेच लागत नाहीत.

३. कधी जावं? पावसाळ्यात का सोडत नाहीत?

साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत प्रवेश बंद असतो. या पट्ट्यात पाऊस प्रचंड पडतो. ओढे फुगतात, जलाशयावर वारा आणि लाटा असतात, वाटेवर जळवा असतात, आणि जंगलालाही माणसांशिवाय काही महिने हवेच असतात. उघडण्याची नेमकी तारीख वनखातं पाऊसपाणी पाहून ठरवतं.

माझी पसंती नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. ओढ्यांना पाणी असतं, हवा स्वच्छ असते आणि माचीवरून कोकण स्पष्ट दिसतं. मार्चनंतर झाडीत सावली मिळते, पण वरचा टप्पा तापतो आणि क्षितिज धुरकट होतं. नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. त्या दिवशी बोटींसाठी रांग लागते आणि सगळा दिवस धक्क्यावरच अर्धा होतो.

४. कासची फुलं आणि वासोटा एकाच फेरीत करायचं आहे. कोणती तारीख धरू?

अशी तारीख नाही. कासचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि वासोटा उघडतो तोवर फुलं ओसरलेली असतात. दोन्हींसाठी दोन फेऱ्या करा. वासोट्याला जाताना कासचं पठार लागतंच, पण हिवाळ्यात ते वाळलेल्या गवताचं असतं. तेव्हा तिथे थांबून वेळ घालवू नका. परतताना उजेड उरला तर कास तलावाशी पाच मिनिटं जरूर थांबा.

५. परवानगी कुठे मिळते? काय कागद लागतात?

बामणोलीतल्या वनखात्याच्या कार्यालयात. प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ ठेवा, गटातल्या सगळ्यांची नावं, वयं आणि एकाचा संपर्क क्रमांक कागदावर आधीच लिहून न्या. हे साधं काम न केल्यामुळे पंधरा जणांच्या गटाची अर्धी सकाळ खिडकीशी गेलेली मी पाहिली आहे. प्रवेश, वाहनतळ, कॅमेरा यांचे पैसे वेगवेगळे असू शकतात. रोख पैसे ठेवा, रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

६. बोटीचं भाडं माणशी असतं का? आम्ही दोघंच आहोत.

भाडं पूर्ण बोटीचं असतं, माणशी नाही. म्हणून आठ-दहा जणांच्या गटाला परवडतं आणि दोघांना जड जातं. दोघंच असाल तर शनिवार-रविवारी सकाळी लवकर धक्क्यावर या आणि दुसऱ्या लहान गटाला विचारा. लोक बहुतेक वेळा आनंदाने सोबत घेतात. मात्र एक लक्षात ठेवा. बोट तुम्हाला सोडून परतत नाही, खाली थांबून राहते आणि त्याच माणसांना घेऊन येते. त्यामुळे ज्यांच्याबरोबर गेलात त्यांच्या चालीशी तुमची चाल जुळायला हवी. आधीच बोलून घ्या की कोण किती वाजता खाली उतरणार.

बामणोलीशिवाय शेंबडी, मुनावळे आणि तापोळा इथूनही बोटी सुटतात. महाबळेश्वरकडून येणाऱ्यांना तापोळा सोयीचा, पण पाण्यावरचं अंतर वाढतं.

लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगावर घाला, मांडीवर ठेवू नका. पाणी शांत दिसतं, पण हे धरणाचं पाणी आहे. खोल आणि गार.

७. पुण्याहून किती वाजता निघायचं?

हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवा. संध्याकाळी पाचच्या सुमारास सगळ्यांना पाण्याच्या अलीकडे, म्हणजे बामणोलीत परत यायचं आहे. हिवाळ्यात सहाला सूर्य मावळतो, आणि अंधारात जलाशयावर असू नये. तिथून मागे मोजत या. बोटीला तास-सव्वातास, म्हणजे पावणेचारला बोट सुटली पाहिजे. उतरायला दीड ते पावणेदोन तास, म्हणजे दोनच्या आत गड सोडायचा. वर दीड-दोन तास हवेत, म्हणजे बाराला माथ्यावर. चढायला दोन ते अडीच तास, म्हणजे साडेनऊला इंदवलीतून पाय उचललेले असावेत. त्यासाठी आठला बोट, सव्वासातला बामणोली, आणि पुण्यातून पहाटे साडेतीन.

पहाटेचं झेपत नसेल तर आदल्या रात्रीच बामणोली-शेंबडी भागात मुक्कामाला या (प्रश्न १६). मुंबईकरांनी तर हेच करावं. साताऱ्याहून एसटी आहे, पण तिच्या वेळांवर एका दिवसाचं गणित बसवू नका. आदल्या दिवशी येण्यासाठी ती उत्तम.

माझा पहिला वासोटा अर्धाच झाला होता. साडेदहाला बोटीत बसलो, आणि शेवटच्या चढावर, दरवाजा हाकेवर असताना, सोबतच्या वनरक्षकाने घड्याळ दाखवून परत फिरवलं. तेव्हा राग आला होता. उतरताना झाडीत साडेचारलाच कसा काळोख होतो ते पाहिल्यावर राग उरला नाही.

८. चढण किती अवघड आहे? आई ६२ वर्षांची आहे, मुलगा आठ वर्षांचा.

दोर, कातळ, हात रोवून चढणं असं काही नाही. पायवाट मळलेली आहे. सुरुवातीला ओढा ओलांडला की मारुतीची मूर्ती लागते. पुढचा टप्पा दाट झाडीतला, बेताच्या चढाचा. नागेश्वरच्या गुहेकडे जाणारा फाटा (प्रश्न १२) मागे पडला की उभा चढ सुरू होतो आणि दम लागतो. शेवटी गडाच्या पडक्या पायऱ्या येतात.

आई रोज तासभर चालत असतील तर हळूहळू येतील. त्यांच्या गुडघ्यांची परीक्षा चढताना नाही, उतरताना होते. सुक्या पानांच्या थरावरून पाय सरकतो, म्हणून तळाला पकड असलेले बूट आणि हातात काठी द्या. आठ वर्षांचं मूल मजेत चढतं, फक्त त्याला पुढे एकटं धावू देऊ नका आणि गडावरच्या बाबूकड्याजवळ (प्रश्न १०) हात सोडू नका. गुडघ्याचं ऑपरेशन, हृदयविकार किंवा दमा असेल तर इंदवलीपर्यंत बोटीने येऊन ओढ्याकाठी थांबायचा पर्याय वनरक्षकांना आधी विचारून ठेवा.

९. वाटाड्या घ्यावाच लागतो का? वाट तर सरळ आहे म्हणतात.

वाट सरळ आहे, तरी घ्या. खालच्या गावांतली माणसं हे काम करतात. त्यांच्या घरांचा मोठा भाग धरणात गेला आणि उरलेलं अभयारण्यात, तेव्हा या जंगलावर थोडी रोजी त्यांची व्हावी हे मला न्याय्य वाटतं. दुसरं कारण असं की वाटाड्यामुळे जंगल दिसतं. अंजनीचं झाड कुठलं, गेळ्याचं कुठलं, झाडाच्या बुंध्यावर अस्वलाने नखं कुठे मारली, शेकरूचं घरटं कोणत्या फांदीवर, हे आपल्या नजरेला येत नाही.

१०. गडावर काय काय पाहायचं? कुठल्या क्रमाने?

दरवाज्याच्या अवशेषांतून आत शिरलं की समोर मारुतीचं बिनछपराचं देऊळ. इथून तीन वाटा फुटतात, आणि बहुतेक जण फक्त एकच करून परततात.

उजवीकडची वाट आधी धरा. वाटेत महादेवाचं दगडी मंदिर आहे, सावलीत आणि थंड. तिथे दोन मिनिटं बसा. पुढे माचीचं टोक, ज्याला काळकाईचं ठाणं म्हणतात. इथून खाली कोयनेचं पाणी हिरव्या डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं दिसतं, आणि हवा साफ असेल तर चकदेव, रसाळ, सुमार, महिपतगड ही सगळी मंडळी ओळखता येतात. लोहगडचा विंचूकाटा पाहिलेल्यांना या माचीवर त्याची आठवण होते.

मग मारुतीपाशी परत येऊन सरळ वाटेने वाड्याची जोती पाहा. शेवटी डावीकडे, जोडटाक्यांवरून बाबूकड्याकडे. हा कडा नालेच्या आकाराचा, आतल्या बाजूला वळलेला, आणि समोर जुन्या वासोट्याचा डोंगर. मधली दरी पाहून मोठी माणसंही बोलायची थांबतात. मी बाबूकडा शेवटी ठेवतो, कारण तिथून पाय निघत नाही आणि बाकीचं राहून जातं. कड्याच्या काठावर पोटावर झोपून खाली डोकावू नका. माती भुसभुशीत आहे.

११. ताई तेलिणीची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. हा पेशवाईच्या उत्तरार्धातला प्रसंग आहे. पंतप्रतिनिधी परशुराम श्रीनिवास यांना पेशव्यांनी मसूरला कैदेत टाकलं. त्यांच्या बाजूने उभी राहिलेली ताई तेलीण वासोटा ताब्यात घेऊन बसली आणि तिने प्रतिनिधींना सोडवलंही. तिच्यावर चालून आला सेनापती बापू गोखले. तिने गड काही महिने झुंजवला. शेवटी गडावरच्या धान्यकोठाराला आग लागली आणि गड पडला, असं सांगतात. गोखल्यांना चिडवणारी ओळ अजून सातारा भागात लोकांच्या तोंडी आहे.

त्याआधीचं थोडक्यात असं. जावळी १६५६ मध्ये स्वराज्यात आली, पण वासोटा आला १६६० मध्ये, महाराज स्वतः पन्हाळ्याच्या वेढ्यात असताना. त्यांनी गडाला व्याघ्रगड हे नाव दिलं. पुढे राजापूरचे इंग्रज कैदी इथे ठेवले गेले. या गडाचा उपयोग मुख्यतः तुरुंगासारखाच झाला, आणि बाबूकड्यावर उभं राहिलं की त्याचं कारण कळतं. १८१८ मध्ये छत्रपती प्रतापसिंहांच्या कुटुंबातली माणसं इथे होती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि तिथून मारा केला. त्या दाट, उभ्या डोंगरावर तोफा चढतील असं गडावरच्यांनी धरलंच नव्हतं. दरीपलीकडे बोट दाखवून ही जागा ओळखा, पडझड का एवढी आहे ते समजतं.

१२. नागेश्वर त्याच दिवशी होईल का?

फार थोड्यांना होतं. नागेश्वर म्हणजे कड्याच्या पोटातली गुहा आणि आत शिवलिंग. महाशिवरात्रीला कोकणातून चोरवणे गावाच्या बाजूने लोक चढून येतात. वासोट्याच्या वाटेवरच्या फाट्यावरून तिकडे जाता येतं, पण प्रश्न ७ मधलं वेळापत्रक पाहा. त्यात आणखी तीन-चार तास बसवायला जागा नाही. सगळे जण चालायला पक्के असतील, पहिली बोट मिळाली असेल आणि वनखात्याची संमती असेल, तरच विचार करा. नाहीतर एका हिवाळ्यात वासोटा आणि दुसऱ्यात नागेश्वर. दोन्ही धावत करण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

१३. जुन्या वासोट्यावर जाता येतं का?

नाही. वाट मोडलेली आहे, पाणी नाही, रान दाट आहे आणि पर्यटकांना तिकडे सोडत नाहीत. बाबूकड्यावरून पाहा.

१४. वाघ दिसेल का? आणि अस्वल समोर आलं तर?

वाघ दिसेल या आशेने येऊ नका. २०२३ च्या अखेरीस या प्रकल्पात कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली एक वाघीण चांदोलीत आणली. म्हणजे वाघ इथे परततो आहे, याचा आनंद मोठा आहे. पण ही ताडोब्यासारखी मोकळी झाडी नाही. पाच पावलांवरचं दिसत नाही.

दिसतात ती शेकरं, कधी भेकर, क्वचित गव्यांचा कळप, झाडीत धनेशाचा आवाज. बिबट्याची विष्ठा आणि सांबराचे ठसे मात्र वाटेवर हमखास असतात. गटाने, हलक्या आवाजात बोलत चाला. गप्प, एकटं चालणाऱ्या माणसाला अस्वल अचानक सामोरं येतं आणि दोघंही बिचकतात. आलंच तर पळू नका, पाठ दाखवू नका, सगळे एकत्र होऊन हळूहळू मागे सरका. एकटा गवा दिसला तर त्याची वाट मोकळी करून द्या आणि फोटोसाठी जवळ जाऊ नका.

मला प्राण्यांपेक्षा आग्या मोहोळाची काळजी जास्त वाटते. कड्यांना आणि उंच झाडांना पोळी असतात. अत्तर, डिओ लावून येऊ नका, धूर करू नका, दगड फेकू नका. माश्या उठल्या तर तोंड-मान झाकून तिथून लगेच दूर जा, हात झटकू नका.

१५. खाणं-पाणी काय न्यायचं? प्लास्टिक नेऊ देतात का?

माणशी तीन लिटर पाणी. ओढ्याला जानेवारीपर्यंत साधारण पाणी असतं, त्यानंतर भरवसा नाही. गडावरच्या टाक्यांचं पाणी न गाळता पिऊ नका. जेवणाचा डबा घरचा किंवा बामणोलीत सांगून बांधून घेतलेला असावा. भाकरी, ठेचा, सुकी भाजी, दोन केळी, गुळाचा खडा. आत चूल पेटवता येत नाही.

इंदवलीला सामान तपासतात. पाण्याच्या बाटल्या, वेष्टनं मोजतात आणि अनामत रक्कम घेतात. उतरल्यावर तेवढंच दाखवलं की पैसे परत मिळतात. बिस्किटांचे पुडे घरीच फोडून डब्यात भरा, म्हणजे मोजणीत वेळ जात नाही. संत्र्याची सालं आणि शेंगांची टरफलंही परत आणा. ती या जंगलातली नाहीत, आणि माकडांना त्यांची सवय लागते.

१६. आत तंबू लावता येतो का? निदान पाण्याकाठी?

अभयारण्याच्या काठावर, गडावर, गुहेत, कुठेच नाही. जुन्या लेखांमध्ये नागेश्वरच्या गुहेत किंवा गडावर राहिल्याची वर्णनं सापडतात. ती त्या काळची आहेत. मुक्काम अलीकडच्या काठावर, म्हणजे बामणोली, शेंबडी, तापोळा भागात घरगुती खोल्यांत किंवा तंबूंत करा. सकाळीच सांगून गेलात तर संध्याकाळी गरम भाकरी आणि जलाशयातल्या माशांचं कालवण तयार मिळतं.

१७. रेंज असते का? कुणाचा पाय मुरगळला तर?

बामणोलीत कधी येते, कधी जाते. पाणी ओलांडल्यावर धरू नका. परवानगी मोबाइलवर नको, कागदावरच ठेवा, घरी परतायची वेळ सांगून या. अपघात झाला तर वनरक्षकाकडे निरोप पोहोचवणं हाच मार्ग आहे, म्हणून गटातला एक जण नेहमी सर्वांत शेवटी चालावा आणि त्याच्याकडे क्रेप बँडेज, शिट्टी, टॉर्च असावी. मदत बोटीनेच येणार आणि जखमी बोटीनेच जाणार, म्हणजे साताऱ्याच्या दवाखान्यापर्यंत काही तास. हे ध्यानात ठेवून पाऊल टाका.

१८. ड्रोन, स्पीकर, पाळीव कुत्रा, मद्य?

यातलं काहीही नाही.

१९. चोरवण्यातून चढून वासोटा करायचा आणि बामणोलीला उतरायचं. चालतं का?

चालणारी वाट आहे, आणि सह्याद्रीतल्या सुंदर वाटांपैकी ती एक आहे. पण तीन अडचणी आहेत. कोकणातून येणारी चढण लांब आणि उभी, त्यात गड धरला तर दिवस पुरत नाही. वाटेत मुक्काम करता येत नाही (प्रश्न १६). आणि बामणोलीकडून तुमच्यासाठी बोट आधी ठरवून इंदवलीला थांबवावी लागते, शिवाय परवानगी दोन्ही बाजूंनी स्पष्ट असावी लागते. कोकणातून आलेल्या गटाकडे इंदवलीच्या चौकीवर कागद मागतात, आणि मागायलाच हवेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ही वाट धरू नये.

२०. एप्रिल-मे मध्ये बोट इंदवलीपर्यंत जाते का?

पाण्याच्या पातळीवर आहे. धरण उतरलं की काठ लांब जातो, बोट अलीकडेच थांबते, आणि चिखल-दगडांतून उन्हात जास्तीचं चालावं लागतं. त्याला जाता-येता मिळून अर्धा-पाऊण तास धरा आणि प्रश्न ७ मधलं घड्याळ तेवढं अलीकडे सरकवा. बोटवाल्याला आदल्या दिवशी विचारलं की तो नेमकं सांगतो.

२१. इंदवलीत घरांची जोती दिसतात. तिथे कोण राहत होतं?

गाव होतं. मेट म्हणजे गडाच्या पायथ्याची चौकी. गडाची राखण करणाऱ्यांची वस्ती तिथे असायची, आणि नावात ती राहिली. अभयारण्यासाठी गाव उठलं, माणसं दुसरीकडे वसवली गेली. आंबे-फणस त्यांनी लावलेले आहेत. बोटीची वाट पाहताना जोत्यावर बसायला हरकत नाही, पण दगड हलवू नका, त्यांवर नावं कोरू नका. एखाद्या वृंदावनाचा किंवा उंबरठ्याचा दगड दिसला तर चपला बाजूला काढा. बामणोलीतल्या बोटवाल्याशी बोललात तर आपलं गाव पाण्याखाली किंवा रानात गेलेला एखादा माणूस भेटतो. त्याला वेळ असेल तर घर कुठे होतं ते विचारा. तो बोट थांबवून दाखवतो.